नसलेल्या दोन कुत्र्यांची पट्टी

संक्रांतीच्या आसपास, २०२२
मुक्काम: गावाचं नाव लिहिता येतं, म्हणता येत नाही. नेदरलँड्समधल्या बेस्ट नावाच्या गावापासून सायकलने पाऊण तास, वारा समोरून असेल तर जास्त. (वारा समोरूनच असतो.)

तीर्थरूप राजनकाकांना प्रतापचा पाय धरून नमस्कार. पाय धरलेत ते नुसत्या आदराने नाही, पत्र पुरं होईपर्यंत तुम्ही उठून जाऊ नये म्हणूनही धरलेत.

मी बरा आहे. तुमची तब्येत कशी आहे हे तुम्हालाच विचारायचं असतं, पण ती मला शेजारच्या मृदुलाताईंकडून कळते. त्या म्हणतात, काका बरे आहेत, सकाळी नगरपालिकेच्या बागेत त्याच त्या बाकावर बसतात, गोळी वेळेवर घेतात, आणि फोन वाजला की त्याच्याकडे बघत बसतात. बघतात म्हणजे काय, असं मी विचारलं. तर म्हणाल्या, "अरे, दारात वसुलीवाला आल्यावर लोक खिडकीतून बघायचे ना, तसे." आता काका, फोन हे खातं काकूचं होतं हे मला मान्य आहे. ती बोलायची, तुम्ही मागे खुर्चीत पेपर धरून बसायचात आणि तिच्यामार्फत एकच प्रश्न पाठवायचात, "जेवला का विचार." मी "हो" म्हणायचो, ती "हो म्हणतो" असं तुम्हाला कळवायची, आणि त्या दिवसाचं कामकाज संपायचं. गेल्या एप्रिलमध्ये काकू गेली ती या खात्याचा चार्ज कुणालाच न देता गेली. विमानं बंद, मी इथे, तुम्ही तिथे, आणि मध्ये वाजणारा फोन. आधी वाटलं तुम्ही माझ्यावर रागावलात. मग आठवलं की तुम्ही रागावलात की नोटीस काढता, आणि नोटीस तर आलेली नाही. शेवटी सुचलं की कागद पाठवावा. आवकमध्ये आलेल्या कागदाला उत्तर द्यायचंच ही तुमची वसुली खात्यातली आयुष्यभराची सवय, ती रिटायर झाल्यावर काय सुटणार! आणि तुम्हाला आवडेल असा एकच विषय माझ्याकडे आहे तो म्हणजे करवसुली, कारण या वर्षी आयुष्यात पहिल्यांदा माझ्या नावाने पट्टी आली.

पण त्याआधी मी कुठे राहतो ते सांगितलं पाहिजे, नाहीतर पुढचं कळणार नाही. आमच्या पाजींचं हॉटेल नाताळाच्या आधी तिसऱ्यांदा बंद झालं. फक्त पार्सल चालू आहे, म्हणजे मी संध्याकाळी थोडा वेळ नान लावतो आणि डबे भरतो, गिऱ्हाईक दारातूनच पिशवी उचलतं, तोंडावर मास्क, त्यामुळे नान आवडला का तेही कळत नाही. (तंदूर मात्र वाईट नाही. थंडीत तंदूरसारखा सोबती नाही. फक्त उत्तर देत नाही.) राहतो मी पुष्करच्या घरात. हा पुण्याचा इंजिनियर, चिपा बनवायच्या यंत्रांचं काहीतरी करतो. कंपनीने घरून काम करा म्हटल्यावर याने घर म्हणजे पुणे असा अर्थ काढला आणि बायकोमुलांसकट निघून गेला. मला म्हणाला, झाडांना पाणी घाल, भाडं जमेल तसं दे, फक्त खेमेंटेत नाव नोंदव. खेमेंटे म्हणजे इथली नगरपालिका. तर तीन बेडरूमचं घर, सात झाडं (आता चार) आणि मी. इथल्या मराठी मंडळाचा गणपती यंदाही कॉम्प्युटरवरच झाला. आरतीनंतर चौकटीतल्या एका वहिनींनी मला विचारलं, "तुम्ही कुठल्या कंपनीत?" मी म्हटलं, "तंदूर." त्या म्हणाल्या, "अच्छा, स्टार्टअप का?" मी हो म्हटलं. रोज पेटवतोच की.

आता मूळ मुद्दा. तुम्हाला माहीतच आहे की काकू तव्यावरची पहिली पोळी थकबाकीला घालायची. (हे पत्र वाटेत कुणी फोडून वाचलं तर त्याच्यासाठी: थकबाकी हा आमच्या फाटकावरचा पिवळा कुत्रा. नाव काकांनी ठेवलं, कारण कितीही हाकला, पुढच्या वर्षी पुन्हा समोर.) फोनवरसुद्धा ती मला विचारायची, "पोळ्या करतोस ना? मग पहिली बाहेर टाकतोस का?" तेव्हा मी टाकत नव्हतो आणि हो म्हणायचो. एप्रिलनंतर टाकायला लागलो. पुष्करच्या घरातली एक स्टीलची ताटली घेतली, पहिली पोळी कुस्करून दाराबाहेर ठेवायला लागलो. इथे भटकं कुत्रं नावालासुद्धा नाही, पण दुसऱ्या दिवशी सकाळी ताटली रिकामी असते. कोण खातं ते मी बघितलेलं नाही. मुद्दामच बघत नाही.

तर साधारण नवरात्रात एक माणूस दारात आला. उंच, मास्क लावलेला, हातात टॅब, दीड मीटर लांब उभा, म्हणजे जवळजवळ शेजाऱ्यांच्या अंगणात. बोलला ते डच, त्यात मास्क, त्यात वारा. मला एवढंच कळलं की तुमच्याकडे "हांडे" आहेत का असं तो विचारतोय. पहिल्यांदा मनात आलं ते पाण्याचे हंडे. म्हटलं, पाणीपट्टीवाला दिसतोय, काका म्हणायचे तसे नळ किती, हंडे किती, बघायला आला असेल. मग लक्षात आलं की डचमध्ये हांडे म्हणजे हात. दीड वर्ष या देशात जो तो हातांबद्दलच विचारतोय. हात धुतले का, हात मिळवू नका, हातांना हे लावा. मी म्हटलं, खेमेंटेने हातांची पाहणी काढली असेल, यांचं काही सांगता येत नाही. मी म्हटलं, "या." म्हणजे डचमध्ये हो. त्याने विचारलं, किती? काका, हा प्रश्न मला जरा आगाऊ वाटला, पण सरकारी माणसाशी वाद घालू नये हे मी तुमच्याच घरात शिकलो. मी दोन्ही हात वर करून दाखवले आणि म्हटलं, "ट्वे." दोन. त्याने खाली ताटलीकडे बघितलं, मान हलवली, टॅबवर टिचकी मारली, नमस्कारासारखं काहीतरी केलं आणि गेला. मला फार बरं वाटलं. कित्येक दिवसांत दारावर कुणी आलं नव्हतं.

हात म्हणजे हांडे, आणि हाँडे म्हणजे कुत्रे. टिंब तेच, फरक फक्त खालच्या चंद्राचा. तीन आठवड्यांनी निळ्या पाकिटातून मागणी बिल आलं: श्री. प्रताप यांचे कुत्रे, नग दोन. आणि गंमत बघा, पहिल्या कुत्र्याला एक दर आणि दुसऱ्याला त्याहून चढा. घाऊक घेतलं की स्वस्त पडतं हा आपला समज इथे कुत्र्यांना लागत नाही. मला दोन्ही हातांची पट्टी बसली, त्यातही डाव्याची जास्त. पट्टा नाही, पण पट्टी आहे!

मी ते बिल स्वयंपाकघरात लावलं आणि जेवताना बघत बसलो. तुमची फार आठवण आली. विशेषतः त्या मार्चची, जेव्हा तुम्ही थकबाकीदारांच्या दारात हलगी वाजवत सगळं गाव फिरलात आणि शेवटी यादीत स्वतःचंच नाव निघालं, कारण लोकांची घरपट्टी गोळा करता करता आपली भरायची राहिली. दुसरा कुणी असता तर गपचूप भरून आला असता. तुम्ही हलगीवाल्याला घेऊन आपल्याच फाटकात उभे राहिलात, नियम म्हणजे नियम, आणि तो बिचारा लाजून हळू वाजवायला लागला. तेव्हा काकू बाहेर आली, त्याच्या हातात चहा-लाडू दिला आणि म्हणाली, "जोरात वाजवा हो, आतल्या खोलीत ऐकू येत नाही. आणि यांना सांगा, भरणा झाला की येताना कोथिंबीर आणा." थकबाकी तेव्हा पिल्लू, त्या हलगीच्या तालावर भुंकत होता. मी तेव्हा नववीत. पुढे माझं शिक्षण मध्येच सुटलं, गोव्याला गेलो, मनालीला तंबू ठोकले, दुबईला भांडी घासली, पण करवसुली म्हटलं की माझ्या डोळ्यापुढे ते दृश्य येतं, त्यामुळे मला कराची भीती अशी कधी बसलीच नाही.

असो. कुठे होतो? बिलावर फोन नंबर होता. फोन उचलला विलेमिन नावाच्या बाईंनी. त्यासुद्धा घरूनच काम करतात आणि त्यांच्या मागे कायम एक कुत्रा भुंकत असतो. त्यांचं इंग्रजी चांगलं, माझं तुम्हाला माहीत आहे. त्या म्हणाल्या, "तुम्ही आमच्या माणसाला स्वतः दोन सांगितलेत." मी म्हटलं, "मॅडम, मी हात सांगितले." मागे कुत्रा भुंकला. मग हसण्याचा आवाज आला. त्या म्हणाल्या, "या कामात लोक मला कुत्रा नाही म्हणून सांगतात आणि मागे न्हाणीघरात तो रडत असतो. नसलेले कुत्रे जाहीर करणारे तुम्ही पहिलेच." मी म्हटलं, माझे काका वसुली खात्यात होते, आमच्या घरी लपवायची पद्धत नाही. त्या म्हणाल्या, हरकत नोंदवा. मी म्हटलं, माझी काही हरकत नाही. (ही कोटी इंग्रजीत झाली नाही. तुमच्यासाठी जपून ठेवली होती.)

मग मी हरकत नोंदवली आणि दर थोड्या दिवसांनी त्यांना फोन करायला लागलो, हरकतीचं कुठवर आलं म्हणून. खरं तर त्याला वेळ लागणार हे त्यांनी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. पण काका, त्या फोन उचलतात हो. आणि मी प्रश्न विचारले की उत्तरं देतात, तुमच्यासारखी, मुळापासून. इथल्या खेमेंटेच्या तिजोरीत सगळ्यात मोठा वाटा वरून, हेगमधून येतो, म्हणजे आपलं मंत्रालय समजा. घरपट्टी आहे, ती घराच्या मालकाला, घराची किंमत दर वर्षी नव्याने ठरवून. मी म्हटलं, दर वर्षी? आमच्याकडे चार वर्षांनी पाहणी झाली तरी गाव पेटतं. त्या म्हणाल्या, इथेही दर वसंतात लोक लिहून कळवतात की आमचं घर फारच भिकार आहे, हवं तर येऊन बघा, आणि उन्हाळ्यात तेच घर विकायला काढताना जाहिरातीत महाल असतो. मला एकदम घरच्यासारखं वाटलं. कचऱ्याची आणि गटाराची पट्टी वेगळी, ती खर्चापुरतीच घ्यायची, खेमेंटेने त्यावर नफा कमवायचा नाही. आणि पाण्याचं खातं तर खेमेंटेकडे नाहीच. त्याची स्वतंत्र संस्था, देशाच्या सरकारहून कितीतरी जुनी, निवडणूकही वेगळी आणि पट्टीही वेगळी. आपण पाणी यावं म्हणून पाणीपट्टी भरतो. हे लोक पाणी येऊ नये म्हणून भरतात!

या पाणीवाल्यांचा एक हिशोब तुम्हाला सांगितलाच पाहिजे. सांडपाण्यासाठी ते माणसं मोजत नाहीत. घरात एकटा असेल तर एक माप. दोन किंवा जास्त असतील तर सरसकट तीन. म्हणजे घरात दुसरं माणूस आलं की घाण एकदम तिप्पट. काकूला हे सांगितलं असतं तर ती तुमच्याकडे बघून म्हणाली असती, "दुसरं म्हणजे कुठलं ते मला माहीत आहे." कचऱ्यालाही एकट्याचा दर कमी आहे. सगळीकडे मला सवलत बसते. एकटं राहणं या देशात फार स्वस्त आहे, काका. तुम्हालासुद्धा आता बसली असती.

एकदा मी विलेमिनबाईंना विचारलं की माझ्या कुत्र्यांचा पैसा कुत्र्यांवरच खर्च होतो का. त्या म्हणाल्या, तसं बंधन नाही, तो सगळ्यांच्या हांडीत जातो: दिवे, वाचनालय, झाडं, बाक. मी फोन ठेवला आणि सायकल काढून बघायला निघालो की माझ्या कुत्र्यांनी काय काय बांधलं. कालव्याच्या काठी एक नवा बाक सापडला. बसून बघितला, छान आहे. रोज जायला लागलो. आतापर्यंत मी या गावात सगळीकडे कडेकडेने चालायचो, कुणी विचारेल तू कोण म्हणून. त्या बाकावर मात्र टेकून बसायचो. एक आजी कुत्रा घेऊन जायच्या, त्या मान हलवायच्या, मीही हलवायचो, एक कुत्रेवाला दुसऱ्या कुत्रेवाल्याला हलवतो तशी. सरकारने डिसेंबरपासून घरी दिवसाला दोनच पाहुणे बोलवायची मुभा दिली होती. तो कोटा माझ्याच्याने एकदाही वापरून झाला नाही, पण कागदोपत्री दोन कुत्रे तरी होते. मी त्यांना नावंही ठेवली. ती सांगत नाही, तुम्ही हसाल. (डावा आणि उजवा.)

मग हरकतीवर फेरतपासणी आली. तोच उंच माणूस, तोच टॅब. घरात आला, सगळं बघितलं, कुत्रा नाही, केस नाहीत, वास नाही, आणि नेमका बाहेर पडताना ताटलीपाशी थांबला. तीत सकाळची पोळी, ताजी. या खेपेला तो इंग्रजीत बोलला.

"ही कुणाची?"

"कुत्र्याची."

"म्हणजे कुत्रा आहे."

"आहे. इंडियात."

"आणि त्याचं जेवण इथे?"

काका, हे त्याला समजावता समजावता माझी जी तारांबळ उडाली! पहिली पोळी, काकू, फाटक, थकबाकी या शब्दाचा इंग्रजी अर्थ, हलगी, कोथिंबीर, सगळं सांगितलं. तो दीड मीटरवर उभा राहून सगळं ऐकत राहिला. शेवटी म्हणाला, "तुमची आंटी आता नाही?" मी म्हटलं, नाही. त्याने टॅब खाली केला आणि म्हणाला की ताटली दाराच्या आत ठेवत जा, नाहीतर पुढच्या वर्षी दुसरा कुणी येईल आणि पुन्हा लिहून जाईल. मी ती अजून बाहेरच ठेवतो. येऊ दे कुणीतरी.

आणि गेल्या आठवड्यात निकाल लागला. हरकत मान्य. कुत्रे, आपल्या भाषेत सांगायचं तर, निरंक. तुम्ही मला शिकवलं होतं की तक्त्यात काही नसलं तरी रकाना मोकळा सोडायचा नाही, निरंक लिहायचं, म्हणजे कुणीतरी बघितलं होतं एवढं तरी कळतं. जिंकलो म्हणून मी गोड शिरा केला. मग कालव्यावर गेलो आणि त्या बाकावर बसलो, तर कडेलाच बसलो.

मोठ्यांस नमस्कार असं लिहायचं असतं, पण घरात आता मोठे तुम्ही एकटेच, आणि तुम्हाला वर केलेलाच आहे. तो अर्धा तुमचा, अर्धा काकूचा धरला तरी चालेल.

तुमचा,
प्रताप
(नाव ठेवताना तुम्ही जरा विचार करायला हवा होता.)

ता. क. विलेमिनबाईंना मी शेवटचा फोन केला आणि विचारलं, दोन नाही तर एका कुत्र्याची पट्टी मी आपखुशीने भरत राहिलो तर? त्या म्हणाल्या, नसलेल्याची पट्टी घ्यायची सोय नाही. मग म्हणाल्या, हरकतीचं काम संपलं, पण थकबाकीचा फोटो असेल तर मला बघायचाय. तर काका, मृदुलाताईंना सांगून एक काढून पाठवाल का? फाटकापाशी, म्हणजे मागे घर येईल. फोटोत तुम्ही आलात तरी त्यांची हरकत नसेल, मी विचारून घेतलंय.

ता. क. २. आत्ताच मृदुलाताईंचा मेसेज आला. म्हणतात, काका सकाळी स्वतः पोळी करतात, एकच, नकाशासारखी, आणि ती फाटकावर थकबाकीला घालतात, मग स्वतः डब्यातली खातात. म्हणजे काका, गेले आठ-नऊ महिने आपण दोघं दोन देशांत एकाच कुत्र्याला जेवायला घालतोय, आणि मला वाटत होतं की घालणारा मी एकटाच.

ता. क. ३. सबब या पत्रास मागणी नोटीस समजावे. पत्र पोचल्याचं मृदुलाताईंनी कळवलं की त्याच्या पुढच्या रविवारी तुमच्या अकरा वाजता मी फोन करीन. बोलायची सक्ती नाही. काकूच्या मागे बसून विचारायचात तेवढंच विचारा, आता मध्ये कुणी नाही, सरळ मलाच. मी "हो" म्हणेन, मग ठेवून द्या. नाही उचललात तर मृदुलाताईंना सांगून फाटकात हलगी लावीन, आतल्या खोलीपर्यंत ऐकू येईल अशी. आणि अगदीच तोंडातून शब्द फुटला नाही, तर फोन उचलून नुसता थकबाकीसमोर धरा. तो भुंकला तरी मी भरणा झाला असं समजेन.